हवा बिघडली तर एकट्याने काय करायचे? तुम्ही विचारलेत म्हणून

मोटारसायकलवर एकटाच हिमाचलमधल्या स्पितीला जाऊन आलो असे सांगितले की बहुतेक जण भीती वाटली का, असे विचारतात. ज्यांना स्वतःला जायचे असते, त्यांचा प्रश्न मात्र निराळा असतो: हवा बिघडली आणि विचारायला सोबत कोणी नसले, तर पुढे जायचे की थांबायचे, हे ठरवता कसे? माझे उत्तर असे, की मी आभाळाकडे पाहून फारसे काही ठरवत नाही. घड्याळ आणि नाल्याचे पाणी यांवर माझा अधिक भरवसा आहे.

आभाळ किती फसवे आहे, हे मनाली सोडल्यावर लवकरच कळते. पावसाळ्यात कुलूच्या खोऱ्यात झोडपणारा पाऊस पीर पंजालची रांग बऱ्याच अंशी अडवते, त्यामुळे २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यात आपण रेनकोट घालून शिरतो आणि पलीकडे लाहौलमध्ये लख्ख उन्हात बाहेर पडतो. अनेकांना हे ऊन म्हणजे पुढच्या प्रवासाची हमी वाटते. पण चंद्रा नदीच्या काठाने कोकसर आणि ग्रामफूकडे वळल्यावर खोरे इतके आवळत जाते की डोक्यावर आभाळाची जेमतेम एक पट्टी उरते, आणि डोंगरामागे काय जमते आहे ते आपल्या अंगावर येईपर्यंत दिसत नाही. शिवाय या कोरड्या डोंगरांना झाडझाडोऱ्याचा आधार नसल्याने एखादी किरकोळ सरही वरचे दगड सैल करायला पुरेशी असते. पाऊस कमी म्हणून दरडी कमी, हा समज येथे चालत नाही.

नाल्यांचे गणित त्या मानाने सरळ आहे. ग्रामफूपासून कुंझुम खिंडीच्या पायथ्याच्या बातलपर्यंतच्या रस्त्यावर बरेच नाले आडवे येतात आणि त्यांतील पाणी मुख्यतः वरच्या हिमनद्यांच्या वितळण्याचे असते. रात्रीच्या थंडीने वितळणे मंदावते, म्हणून पहाटे पाणी उतरलेले असते. ऊन तापू लागले की ते चढत जाते आणि दुपारनंतर तोच नाला ओळखू येत नाही. म्हणजे ज्या स्वच्छ उन्हाचे आपण स्वागत करतो, तेच पाणी वाढवत असते. त्यामुळे मी मनालीहून अंधारात निघतो आणि सकाळ सरायच्या आत बातलला पोहोचायचे, एवढाच बेत ठेवतो.

नाल्यापाशी गेल्यावर पहिले काम म्हणजे गाडी बंद करून ऐकणे. हिमनदीचे पाणी राखाडी आणि गढूळ असते, तळ दिसत नाही. पण प्रवाहाला जोर असेल तर तळाचे दगड एकमेकांवर आपटत गडगडत जातात आणि तो खडखडाट काठावर स्पष्ट ऐकू येतो. तो ऐकू आला की मी पाण्यात उतरत नाही. नसेल, तर एखादा ट्रक किंवा जीप येण्याची वाट पाहतो, तिची चाके कोठून जातात आणि कोठे खचतात ते पाहतो, आणि मग पहिल्या गिअरमध्ये, क्लच थोडा दाबून, नजर पलीकडच्या काठावर ठेवून न थांबता निघतो. सामानासह दोनशे किलोंच्या पुढे गेलेली गाडी पाण्यात आडवी झाली, तर ती उचलायला दुसरे हात नसतात, हा एकट्याच्या प्रवासातला खरा फरक आहे.

आपल्याकडच्या सवयींचाही येथे अडसर होतो. ताम्हिणीत चिंब भिजून टपरीवर चहा घेतला की आपण पुन्हा निघतो, कारण सह्याद्रीतला पाऊस अंगाला फारसा बाधत नाही. स्पितीत उतरण्याआधीच्या साडेचार हजार मीटरच्या कुंझुम खिंडीकडे चढताना मात्र ओल्या हातमोज्यांतली बोटे काही मिनिटांत बधिर होतात, आणि ब्रेक किती दाबला गेला हे हाताला कळेनासे होते. यावर भांडी घासायचे रबरी मोजे नेहमीच्या मोज्यांवर चढवणे, हा माझ्या माहितीतला सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. दिसायला तो हास्यास्पद आहे, हे मान्य.

एकदा बातलला पोहोचलो तेव्हा कुंझुमच्या बाजूला ढग उतरले होते आणि वरून आलेल्या ट्रकचालकाने काचेवरचे भुरभुरते हिम हाताने पुसत नुसती मान हलवली. मी ढाब्यातच पथारी पसरली. शेजारी एक मोठा गट होता. परत फिरावे असे त्यांतल्या कित्येकांच्या चेहऱ्यावर दिसत होते, परंतु ते पहिल्यांदा बोलून दाखवायला कोणी तयार नव्हते. एकटा असण्याचा फायदा मला येथे दिसतो: कोणापुढे कमीपणा घ्यायचा नसतो, म्हणून निर्णय लवकर होतो. सप्टेंबर २०१८ मध्ये अवेळी हिमवर्षाव होऊन लाहौल-स्पितीत शेकडो लोक अडकले आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना त्यांच्या सुटकेसाठी जावे लागले, ही गोष्ट ढाब्यांवर अजून निघते.

ग्रामफू सोडल्यावर कुंझुमपलीकडच्या लोसर गावापर्यंत मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसल्याने, ढाबेवाल्याला आपला बेत सांगून निघावे आणि लोसरच्या पोलीस चौकीवर नाव आठवणीने नोंदवावे. स्पितीतल्या मुख्य गावी, काझाला, खोली मी आगाऊ ठरवत नाही, कारण पैसे भरलेली खोली संध्याकाळच्या नाल्यात उतरायला भाग पाडते. परतीच्या तिकिटाचेही तसेच आहे. गाडी चंदीगडहून रेल्वेने पार्सल करायची असेल, तर तिच्या तारखेआधी दोन दिवस तरी मोकळे ठेवा, आणि रजेचा अर्ज करतानाच ते त्यात धरा.