तुम्ही विचारलंत म्हणून: हँग झाल्यावर पॉवर बटण का नको?

"माउस हलेना, काहीच चालेना, मग पॉवर बटण दाबून धरायचं नाही तर काय करायचं?" लिनक्स वापरायला लागलेले लोक मला हे वरचेवर विचारतात. बटण आहेच, पण ते अगदी शेवटी. पडदा गोठला तरी आतलं कर्नेल, म्हणजे लिनक्सचा सगळं चालवणारा गाभा, अनेकदा जागं असतं.

सेव्ह केलेली फाइल त्याच क्षणी डिस्कवर पोचतेच असं नाही. कर्नेल ती आधी मेमरीत ठेवतं आणि थोड्या वेळाने डिस्कवर उतरवतं. मध्येच वीज तोडली की तेवढं काम गेलं. माझा जीव त्या तेवढ्यासाठीच तुटतो.

बऱ्याच कीबोर्डांवर प्रिंट स्क्रीनच्या बटणावर बारीक अक्षरांत सिसआरक्यू (SysRq, म्हणजे सिस्टिम रिक्वेस्ट) लिहिलेलं दिसेल. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून ते कीबोर्डवर आहे. ऑल्ट आणि सिसआरक्यू दाबून ठेवून एक अक्षर दाबलं की हुकूम थेट कर्नेलकडे जातो. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही लागतं.

एका रात्री माझ्या ब्राउझरने सगळी मेमरी खाल्ली. डिस्कचा दिवा थांबायचं नाव घेत नव्हता, घड्याळ १:१७ वर अडकलेलं, आणि मागे तीन तासांचं लिखाण उघडं. मी एफ दाबलं. मेमरी सर्वांत जास्त अडवून बसलेला प्रोग्राम हे अक्षर बंद पाडतं. काही सेकंद काहीच नाही, मग ब्राउझर गेला, बाण थरथरत हलला आणि घड्याळ एकदम १:२४ वर आलं. लिखाण जसंच्या तसं होतं. रीस्टार्टची गरजच पडली नाही, म्हणून मी आधी एफ सांगतो.

त्यानेही भागलं नाही तर आर, ई, आय, एस, यू, बी, याच क्रमाने. आर कीबोर्ड ग्राफिक्सच्या ताब्यातून सोडवतं, ई प्रोग्रामना आवरायला सांगतं, आय उरलेल्यांना मारतं. एस मेमरीतलं डिस्कवर उतरवतं, यू डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतं, बी रीस्टार्ट करतं. ई आणि एसनंतर चांगले दहा-पंधरा सेकंद थांबा. बी कोणासाठी थांबत नाही.

मात्र हे आधीच चालू करून ठेवावं लागतं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात सिसआरक्यूची सेटिंग मुळात १७६ असते, म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज; एकेक आकडा म्हणजे अनुक्रमे बी, यू आणि एस यांची परवानगी. म्हणून वरच्या अक्षरांपैकी फक्त हीच तीन चालतात. एफ, आर, ई, आय नाहीत. ती १ केली की सगळी अक्षरं चालतात. अनेक जण वापरतात त्या मशीनवर मी तसं करत नाही, कारण कीबोर्डापुढे बसलेल्या कोणालाही मग सगळं बंद पाडता येतं.

आजच, सगळं सुरळीत चालू असताना, ऑल्ट आणि सिसआरक्यूसोबत नुसतं एस दाबून बघा. त्याने काही बिघडत नाही. कर्नेलच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींत, 'इमर्जन्सी सिंक' अशी ओळ उमटली, की तुमचा कीबोर्ड तयार आहे.