फुलं बघायला पैसे देतात का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

स्टाफरूममध्ये विचारता, लग्नात ताटावर विचारता. परवा दादरला लोकलमधून उतरता उतरता एकीनं विचारलं, "तुम्हाला फुलं बघत हिंडायला पैसे देतात म्हणे? फॉर्म कुठे मिळतो?"

देतात, अभ्यासासाठी अनुदान म्हणून. प्रवास, मुक्काम, जेवण. पगार नाही. रजा माझी मलाच टाकावी लागते, आणि खरचुडी, म्हणजे मी शोधत हिंडते ती रानवेल, फुलते ती नेमकी पावसाळ्यात, कॉलेज ऐन भरात असताना. परदेशी संस्थांच्या लिंकही तुम्ही पाठवता. मर्लिन ट्रस्ट बागकामातल्या तरुणांना झाडं पाहायला देशोदेशी पाठवतो हे खरं, पण ब्रिटिश-आयरिश किंवा तिथं काम करणाऱ्या तरुणांना. माझं वय आणि पत्ता, दोन्ही बाद.

"मग बिया आणता का?" नाही हो. 1904 मध्ये आर्थर बुली या लिव्हरपूलच्या कापूस दलालानं जॉर्ज फॉरेस्ट या झाडं गोळा करणाऱ्याला चीनमधल्या युन्नानला धाडलं, ते बियांसाठी. कापसाचा पैसा, मुंबईकरांना नवीन नाही. आता पैसे देणाऱ्याला अहवाल हवा असतो. राखीव जंगलातून नमुना उचलायला वनखात्याची परवानगी लागते, आणि परदेशी माणूस असेल तर 2002 चा जैवविविधता कायदा आडवा येतो. यायलाच हवा.

फुकटची सहल म्हणता, तर ही ऐका. घाटाखालच्या वाडीतले एक काका पावसात पुढे चालत होते. कड्याच्या कडेला गवतात ते थबकले आणि काठीनं एक वेल जरा बाजूला केली. खरचुडीच. कंदिलासारखं फूल, बोटाच्या पेराएवढं. नळीत खाली वळलेले केस असतात. चिलट आत शिरलं की ते केस वाळेपर्यंत त्याला बाहेर येता येत नाही. मी गुडघ्यावर बसून भिंगातून बघत होते. काका म्हणाले, "याचे कंद आम्ही पोरं असताना खायचो." माझ्या अर्जात 'धोके' या सदरात मीच लिहिलं होतं: स्थानिकांकडून कंदांची खणणी.

ती जागा मला कुठल्याही नकाशावर सापडली नसती. परत आल्यावर त्यांच्या मजुरीचं व्हाउचर, सही घेऊन, तिकीट लावून हिशेबाला जोडलं. अनुदान देणाऱ्या कचेरीतून फोन आला: मंजूर अंदाजपत्रकात 'मदतनीस' असं शीर्षकच नाही. टॅक्सीचं बिल पास, लॉजचं पास, काकांचे पैसे अमान्य. पैसे मी खिशातून दिले, त्याचं काही नाही. पण अहवालात त्यांचं नाव घालायचं म्हणून काकांना फोन केला, तर म्हणाले, "ताई, नाव नका छापू. वनखात्याचे लोक विचारायला येतील." मग 'स्थानिक मदतीने' असे दोन शब्द लिहिले. नोंद माझ्या नावावर.

पूर्वी मीच स्टाफरूममध्ये तावातावानं सांगायचे, की सार्वजनिक पैसा आहे, पावतीशिवाय दमडी सुटता कामा नये. अजूनही खोटं वाटत नाही. शेवटी टॅक्सीवाल्याकडूनही पावती घेतलीच की मी. फक्त आता ते वाक्य उच्चारताना काकांची काठी दिसते आणि मी विषय बदलते. तुम्ही त्याला आखडूपणा म्हणता.

घरचं विचारू नका. ओले नमुने वर्तमानपत्रांत दाबायचे, रोज कागद बदलायचे. पावसाळ्यात एक दिवस चुकला की बुरशी. सासूबाई म्हणतात, रद्दीवाल्याला द्यायला घरात पेपर उरत नाही. आणि फुलाचा कंदील दाबला की चपटा होतो, म्हणून तो वेगळा, स्पिरिटच्या बाटलीत.

तर फॉर्म. जरूर भरा. उन्हाळ्यातच भरा, कारण दिवाळीनंतर पैसे हातात आले तर वेल सुकलेली असते आणि कंद मातीखाली. आणि पहिल्याच अंदाजपत्रकात 'मदतनीस' ही ओळ घाला. मंजूर होईल का, ते मला विचारू नका.