हिशोबाची सेवा

चर्चमध्ये चार-दोन वर्षं काढलेल्या कुणाशीही बोला, कधी ना कधी हे वाक्य येतंच, "एवढं केलं मंडळीसाठी, पण कुणाला काय त्याचं!" कापणीच्या सणाला नाव घ्यायचं राहिलं, कमिटीत घेतलं नाही, नाताळच्या प्रोग्रॅममध्ये आपल्या पोरीला पार्ट दिला नाही, कारण काहीही असो. आणि बोलणारी माणसं वाईट नसतात हो, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त राबणारी तीच असतात, सतरंज्या घालण्यापासून प्रभूभोजनाचे पेले धुण्यापर्यंत.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १५ व्या अध्यायात, बापाची संपत्ती उडवून घरी परतलेल्या आणि बापाने मेजवानी देऊन स्वीकारलेल्या धाकट्या मुलाची, उधळ्या पुत्राची, गोष्ट आहे. तिच्यावर आपण इतकी प्रवचनं ऐकतो की थोरला भाऊ मागेच राहतो. त्याची तक्रार नीट वाचा. इतकी वर्षं चाकरी केली, एक आज्ञा मोडली नाही, आणि मला साधं एक करडू दिलं नाहीत. बापाच्याच घरात राहून हा गडी! धाकटा आला म्हणून तो चिडला असं आपण म्हणतो, पण मला वाटतं त्याच्या मनातली हिशोबाची वही आधीपासूनच चालू होती, त्या दिवशी फक्त उघडली. योहान १२ मध्येही तेच, लाजराची बहीण मरीया हिने सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतलं आणि येशूचा शिष्य यहूदा याने लगेच भाव काढला, ३०० दीनार. मजुराचा रोज एक दीनार, म्हणजे जवळपास वर्षाची कमाई.

पण मला या विषयावर सगळ्यात जास्त आवडतो तो याकोब. उत्पत्ति २९ मध्ये राहेलशी लग्न व्हावं म्हणून त्याने तिच्या बापाची, म्हणजे आपल्या मामाची, लाबानाची मेंढरं ७ वर्षं राखली आणि तिच्यावरच्या प्रेमामुळे ती त्याला थोड्याच दिवसांसारखी वाटली. आता दोन अध्याय पुढे जा, तोच माणूस, तेच काम, तोच मामा, आणि हा तोंडावर सगळं मोजून दाखवतोय, २० वर्षं झाली, १४ तुमच्या मुलींसाठी, ६ कळपासाठी, दहा वेळा माझं वेतन बदललंत, दिवसा उन्हाने भाजलो, रात्री थंडीने गारठलो, डोळ्याला डोळा लागला नाही. अर्थात लाबानाने फसवलंच होतं त्याला, राहेलऐवजी आधी थोरली मुलगी लेआ दिली आणि राहेलसाठी आणखी ७ वर्षं राबवलं, तक्रार खोटी नव्हती. पण ऊन आणि थंडी तर पहिल्या ७ वर्षांतही असणारच ना?

म्हणून प्रेमाने सेवा करा म्हणजे मनाला छान वाटेल तेव्हाच करा, असं जे हल्ली यूथ मीटिंगमध्ये सांगतात ते मला अजिबात पटत नाही. झोप मोडतेच, पाय दुखतातच, फक्त बिल फाडायचं डोक्यात येत नाही.

आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांचं उदाहरण आहे. १८९५ ला बाप्तिस्मा, मग अमेरिकन मराठी मिशनमध्ये नगरला कितीतरी वर्षं काम, आणि १९१७ मध्ये मिशनची पगाराची जागा सोडून ख्रिस्ती संन्यासी झाले, देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. १९१९ ला ते गेलेही. पगार घेऊन सेवा करणं चूक आहे असं मी म्हणत नाही, पाळकांच्या घरातही किराणा लागतो, आणि मंडळीने तो वेळेवर द्यावा, तिथे मात्र प्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत.

योहान २१ मध्ये येशूने आपला शिष्य पेत्र याला विचारलं तेव्हाही बघा, शेजारी जाळ्यात १५३ मासे होते, कुणीतरी बसून मोजले असणार. येशू आकड्याबद्दल काहीच बोलला नाही. तीनदा एकच विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि दर वेळी उत्तर ऐकून मेंढरांचं काम दिलं. आधी प्रश्न, मग काम.

आमच्याकडे संडेस्कूलच्या टीचर्सची यादी लावायचं चाललंय. ज्यांना पोरांचा खरंच वैताग आलाय त्यांना वर्षभर सुट्टी द्या, जबरदस्तीने नाव घालू नका, असं मी सुचवलंय. दोघी-तिघींना आवडलेलं नाही, मग वर्ग कोण घेणार म्हणतात. रविवारी मीटिंग आहे, बघू.