दोर्दोन्य आणि लॉत: आधी लहान गाडी मागा, बाकीचं नंतर

फ्रान्सच्या नैऋत्येकडच्या दोर्दोन्य आणि लॉत या जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतून गाडीने फिरायला निघणार असाल, तर मिळेल तेवढी लहान गाडी घ्या. ट्विंगो, क्लिओ, पांडा, कुठलीही. गिअरची असली तरी घ्या. ऑटोमॅटिकला भाडं बरंच जास्त पडतं, आणि ज्याने पुण्याच्या रहदारीत क्लच दाबण्यात आयुष्य घालवलंय त्याला उजव्या हाताने गिअर टाकायची सवय अर्ध्या दिवसात होते. मोठी गाडी फुकट देत असले तरी नको म्हणा. आम्हाला तर फुकटही दिली नाही.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी उलटंच सांगितलं होतं. व्हिडिओवाले, ऑफिसातले, जर्मनीतला मावसभाऊ, सगळ्यांचं एकच पालुपद: फ्रान्सचे रस्ते एक नंबर, मोठी आरामशीर गाडी घ्या, डोळे झाकून जा. मावसभाऊ फ्रान्स ओलांडून स्पेनला जातो, तोही महामार्गाने. महामार्ग एक नंबर आहेतच. ताशी १३०, पाऊस असेल तर ११०, टोल भरला की सुसाट. पण ज्या गावांचे फोटो बघून आपण तिकिटं काढतो, ती महामार्गावर नसतात. ती पिवळ्या पाटीवर ‘डी’ आणि पुढे आकडा लिहिलेल्या रस्त्यांवर असतात, आणि त्या रस्त्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

गाडी बोर्दोच्या विमानतळावर घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. बुकिंग सगळ्यात लहान गटाचं, पुण्यातूनच केलेलं. काउंटरवरच्या बाई गोड हसून म्हणाल्या, लहान गाडी शिल्लक नाही, तुम्हाला वरच्या गटातली देते. समोर टॅब्लेट सरकवला, त्यावर फक्त सहीचा चौकोन दिसत होता. वरचा मजकूर दाखवा म्हटलं तर ‘नुसती औपचारिकता आहे’. मागे रांग, अंगात रात्रभराचा विमानप्रवास. नवऱ्याने सही केली. संध्याकाळी मेलवर आलेला करार वाचला तेव्हा कळलं की वरच्या गटाचे रोजचे पैसे वेगळे आणि न मागितलेल्या विम्याचे रोजचे पैसे वेगळे. दोन्ही मिळून मूळ भाड्याच्या जवळपास जात होते.

तेव्हा काउंटरवर उभं राहून ‘आम्हाला जास्तीचं काहीही नको’ हे वाक्य मोठ्याने म्हणा आणि एकूण रकमेचा आकडा दिसल्याशिवाय सही करू नका. तुमच्या गटातली गाडी संपली हा त्यांचा प्रश्न आहे, त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे? क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं, अनामत त्याच्यावरच अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्डवर विसंबून जाऊ नका. आरटीओतून काढलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्याबरोबर आपला मूळ परवानाही मागतात, दोन्ही न्या. आणि गाडीत पिवळं चमकतं जाकीट आणि लाल त्रिकोण आहे का ते तिथेच बघा. जाकीट डिकीत नाही, हाताशी हवं, असा तिथला नियम आहे.

सँतेमिलियों, बेर्जराक, सार्ला, बेनाक, दोम हे सगळं छान झालं. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. या भागावर लिहिणारे शंभर जण आहेत, मी आणखी शाई घालवत नाही. लास्कोच्या, आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेबद्दल मात्र एक सांगते. खरी गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे. मोंतिन्याकला २०१६ च्या डिसेंबरात उघडलेलं लास्को-४ ही प्रतिकृती आहे. नवरा खूश झाला, मला तिकीट जड गेलं. पुढे लॉतमध्ये खरी चित्रं बघायला मिळत असताना नक्कल कशाला?

ती खरी चित्रं पेश-मेर्लच्या गुहेत आहेत, काब्रेरे गावाच्या वरच्या अंगाला. १९२२ साली दोन पोरांनी आत शिरून ती शोधली. दिवसाला ७०० माणसंच आत सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यात आधी बुकिंग केलं नाही तर दारातून परत. आत बारा अंशांच्या आसपास थंडी असते, ऑगस्टमध्येही स्वेटर लागतो. फोटो काढू देत नाहीत. ठिपक्याठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे, आणि उजवीकडच्या घोड्याचं डोकं खडकाच्या मूळच्याच आकारात बसवलंय. भोवती हाताचे ठसे. माहिती सांगणाऱ्या बाईंनी दिवा जरा खाली आणला तेव्हा दगडाचा उंचवटा आणि घोड्याची मान एकदम जुळली, आणि मी नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की तो ओरडला. अख्ख्या सहलीत एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

आणि तिथून बाहेर पडून डी-४१ ने फिजाककडे जाऊ नका. निदान मोठी गाडी घेऊन ऑगस्टच्या दुपारी तरी नाहीच.

डी-४१ हा सेले नदीच्या काठाने जाणारा रस्ता. फोनमधला नकाशा तो सरळ दाखवतो, कागदी मिशलिन नकाशावर त्याला हिरवी किनार आहे, म्हणजे निसर्गरम्य. रम्य आहे, वाद नाही. एका बाजूला चुनखडीचा कडा, काही ठिकाणी तो रस्त्याच्या डोक्यावर आलेला. दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीची दगडी भिंत, तिच्यापलीकडे नदी. वरंध घाट पार केलेल्या माणसाला हे काहीच नाही असं वाटेल. पण वरंधात वळणावर हॉर्न वाजवतात, समोरचा थांबतो, कोणीतरी उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतो. इथे हॉर्न कोणी वाजवत नाही. वळणापलीकडून थेट समोर उभी राहते ती डच नंबरप्लेटची कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली मोठी गाडी, मागे दोन सायकली लटकवलेली, चालवणारा आपल्याइतकाच घाबरलेला.

आमची गाडी एवढी रुंद की आरसे मिटवल्याशिवाय बाजूने काही जाईना. सेन्सरची टिटि सुरू झाली ती थांबेना. उजवीकडे कडा म्हणून टिटि, डावीकडे कॅम्पर म्हणून टिटि, मागे तीन गाड्या येऊन थांबल्या म्हणून टिटि. नवऱ्याला घाम फुटलेला. मी उतरून मागे गेले, हातवारे करून मागच्यांना मागे ढकललं. कॅम्परच्या मागे एक आजोबा होते, जुन्या पांढऱ्या सित्रोएनच्या टेम्पोत, शेजारी पिंजऱ्यात कोंबड्या. त्यांनी खांदे उडवले, मान मागे वळवली आणि दोनेकशे मीटर एका दमात रिव्हर्स घेऊन कड्यातल्या एका खोबणीत टेम्पो घातला. मग कॅम्पर हलला, मग आम्ही. त्यात मागचं चाक कडेच्या दगडाला घासलं आणि रिमवर बोटभर ओरखडा आला. या ओरखड्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

हा प्रसंग एकदाच आला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मार्सियाकपर्यंत पुन्हा पुन्हा हेच.

यावर उपाय साधा आहे. गुहा बघून आल्या वाटेने काँदुशेला परत या आणि लॉत नदीच्या काठाने जाणारा डी-६६२ धरा. तोही फार प्रशस्त नाही, पण दोन गाड्या माणसासारख्या जातात. तो काजार्कवरून फिजाकलाच पोचवतो. सेलेचं खोरं बघायचंच असेल तर सकाळी लवकर, लहान गाडीने. रिव्हर्स घ्यायचा कंटाळा असलेल्या माणसाला चालवायला बसवू नका. आमच्याकडे त्या दिवसानंतर अरुंद रस्त्यांवर मी चालवलं. दुसऱ्या चालकाचे पैसे त्यासाठी आधीच भरून ठेवा, वसूल होतात.

शेजारचं सँ-सिर्क-लापोपी २०१२ साली फ्रेंच लोकांनी आवडतं गाव म्हणून निवडलं, आणि त्या दिवसापासून अख्खा फ्रान्स तिथे पार्किंग शोधतोय. पार्किंगला पैसे पडतात आणि वर चढही आहे. सकाळी नवाच्या आत पोचणार असाल तर जा, नाहीतर नदीपलीकडच्या रस्त्यावरून बघा आणि पुढे व्हा. रोकामादूरला २१६ पायऱ्यांचा मोठा जिना आहे. गुडघे कुरकुरत असतील तर वर लॉस्पितालेला गाडी लावून तिथूनच देखावा बघा, तोच जास्त चांगला. काँक गाव सुंदर. पुढे.

गावातून चालवताना खरी भीती उजवीकडची. चौकात काही खूण नसेल तर उजव्या बोळातून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो शेतातून ट्रॅक्टर घेऊन का येईना, आणि तो थांबत नाही. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन टोकावर उभा दिसला की मोठा रस्ता तुमचा. त्यावर काळी तिरकी रेघ दिसली की हक्क संपला. गावाच्या नावाची लाल कडेची पाटी म्हणजे तिथपासून ५०, वेगळं लिहिलेलं नसतं. गावाबाहेर ८०, पाटीवर ९० लिहिलं असेल तरच ९०. कॅमेऱ्याने पकडलं तर दंड येतोच, शिवाय तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीची कंपनी वेगळे पैसे कापते. सायकलवाल्याला गावाबाहेर दीड मीटर सोडूनच ओलांडायचं. मागचा कितीही चिकटला तरी घाई करू नका, जागा मिळाली की बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या.

इंधन सुपरमार्केटच्या पंपावर भरा, महामार्गावर कधीही नाही. नळीवर गोलातलं ई-१० म्हणजे पेट्रोल, चौकोनातलं बी-७ म्हणजे डिझेल, ज्याला तिथे गाझोल म्हणतात. रविवारी पंपावर माणूस नसतो, मशीनला पिन असलेलं कार्ड लागतं आणि आधी शंभराच्या वर युरो अडकवून ठेवते, नंतर सोडते. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये निघण्यापूर्वीच चालू करून ठेवा. टोलनाक्यावर नुसता नारिंगी ‘टी’ असलेल्या रांगेत शिरू नका, ती टॅगवाल्यांची. पॅरिसहून नॉर्मंडीकडे जाणार असाल तर ए-१३ आणि ए-१४ वर आता नाकेच नाहीत, ७२ तासांत ऑनलाइन भरावं लागतं. उलट मियोचा पूल असलेला ए-७५ पुलाचा टोल सोडला तर फुकट आहे, त्याचा फायदा घ्या. ऑगस्टच्या शनिवारी लांबचा पल्ला टाळा. सरकारी ‘बिझाँ फ्यूते’ या रहदारीच्या अंदाजाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा रंग बघा. लाल किंवा काळा असेल तर जागचे हलू नका.

जेवणाचं. दुपारी बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. अडीचला पोचलात तर हात जोडले तरी काही मिळत नाही. रविवार संध्याकाळ आणि सोमवार म्हणजे उपासच. १५ ऑगस्टला तिथेही सुट्टी असते, आम्ही त्या दिवशी खोलीत थेपले आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. नवरा शाकाहारी, अंडं चालतं. या भागात बदक हेच मुख्य धान्य आहे असं समजा. पेरिगोर्दच्या सॅलडमध्ये सुद्धा बदकाच्या पोटातले अवयव निघतात. गरम बकरीच्या चीजचं सॅलड मागवा आणि ‘सां लार्दों’ म्हणा, नाहीतर वर डुकराचे तुकडे पेरलेले येतात. रोकामादूरचं इवलंसं गोल चीज, अक्रोड आणि केर्सीची खरबुजं यावर माणूस मजेत राहतो. साधं पाणी ‘कराफ दो’ म्हणून मागा, त्याचे पैसे नसतात. शांब्र-दोतमध्ये, म्हणजे कोणाच्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत, नाश्ता भाड्यातच धरलेला असतो, संध्याकाळी किती वाजता पोचणार ते मात्र कळवा.

आता परतीचं. गाडी तुलूझला सोडली. बोर्दोला सोडली असती तर वेगळ्या शहरात सोडण्याचे पैसे वाचले असते, पण दिवस गेला असता. आदल्या रात्री नुसती किल्ली पेटीत टाकून जायचा पर्याय देतात, तो घेऊ नका. दिवसाउजेडी, त्यांच्या माणसासमोर, चारही चाकांचा व्हिडिओ काढा आणि कागदावर सही घ्या. आमच्या माणसाने रिमवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता पूर्ण रिमची किंमत लावली. काउंटरवर गळ्यात मारलेल्या त्या विम्यात टायर, रिम, काच आणि गाडीचा तळ येतच नाही, हे तेव्हा कळलं. निघण्यापूर्वी वेगळ्या कंपनीकडून नुकसानीचा विमा काढा, तो कितीतरी स्वस्त असतो, आणि त्यात रिम आहे का हे वाचून घ्या. आम्ही बँकेकडे तक्रार केली, मूळ बुकिंगचा कागद आणि तो करार जोडून. वरच्या गटाचे पैसे परत आले. विम्याचे आले नाहीत, कारण खाली सही होती. रिमचं भांडण अजून चालू आहे.