विहीणबाईंच्या आजोबांचं गाव

आमच्या विहीणबाईंचा जन्म शिकागोचा, माहेरचं आडनाव पॅपास. घरात लहानपणापासून ऐकलेलं एकच: आजोबा ग्रीसमधल्या त्रिपोलीचे. पण पेलोपोनीजच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिण भागातल्या, डोंगरातून त्या काळी अमेरिकेला गेलेला जो तो हेच सांगायचा. आपल्याकडे नाही का, मुंबईत ‘आम्ही रत्नागिरीचे’ म्हणणाऱ्याचं घर संगमेश्वरच्याही पुढे कुठल्याशा वाडीत निघतं, तसंच. सत्तरी ओलांडल्यावर बाईंनी ती वाडी शोधायचं मनावर घेतलं आणि सोबतीला मला धरलं. माझं ग्रीकचं ज्ञान ‘कालिमेरा’पाशी संपतं, पण दप्तरं चाळायचा उत्साह मला पहिल्यापासून.

खरं तर अर्धं काम शिकागोत बसूनच झालं होतं. न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरलेल्या परदेशी लोकांच्या जहाजयाद्या आता घरबसल्या बघता येतात. 1907 नंतरच्या याद्यांत जन्मगाव आणि मायदेशातला जवळचा नातेवाईक असे रकाने आहेत. आजोबा 1910मध्ये उतरलेले, त्यामुळे गावाचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव, दोन्ही हाती लागलं. पॅपास हे मूळ आडनाव नव्हतंच. यादीत ‘पापा’ने सुरू होऊन ‘ओपुलोस’वर संपणारं लांबलचक नाव होतं. एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नावं तोडली ही दंतकथा अमेरिकेतल्या घराघरांत सांगतात, पण याद्या तर जहाजात चढतानाच तयार होत. नाव छाटलं ते बहुधा आजोबांनी स्वतःच, पुढे धंद्याच्या सोयीसाठी.

आजोबा अमेरिकेला का गेले, याचं उत्तर मनुकांत आहे. फ्रान्सच्या द्राक्षबागा किडीनं बसल्या तेव्हा पेलोपोनीजच्या काळ्या मनुकांना सोन्याचा भाव आला, लोकांनी जमेल तिथं वेली लावल्या. फ्रेंच बागा सावरल्या आणि 1893च्या सुमारास भाव कोसळले. मग पोरं बोटीत बसली.

अथेन्सहून बसनं कोरिंथचा कालवा मागे टाकून त्रिपोलीला पोचलो. गाव उंचावर, हवा गार. तिथल्या सरकारी अभिलेखागारात जाताना एक सांगून ठेवते: सकाळी लवकर जा. दुपारनंतर कचेऱ्यांत कुणी भेटत नाही.

तिथल्या बाईंनी आडनाव विचारलंच नाही आधी. गाव कोणतं, वडिलांचं नाव काय, साल कोणतं? एवढं असेल तर बसा. त्यांनी आणलेला जाडजूड ग्रंथ म्हणजे ‘मित्रोओ अर्रेनोन’, पुरुषांची नोंदवही. लष्करभरतीसाठी मुलग्यांची नावं गाववार, सालवार लिहिलेली. कडा तपकिरी झालेल्या, शाई फिकट, पण अक्षर एका रेषेत. आणि एकाच पानावर आजोबांचं नाव दोनदा! तेच नाव, तेच आडनाव, तेच गाव. बाई हसल्या. ग्रीक घरात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवतात. चार भावांचे चार थोरले मुलगे म्हणजे एकाच नावाचे चार चुलतभाऊ. वेगळं काढतं ते फक्त वडिलांचं नाव, म्हणून तिथल्या सरकारी कागदावर ते असतंच. ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ लिहितच मोठी झालेली मी, मला ते न सांगता कळलं. विहीणबाईंनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ‘पापूस’ म्हणाल्या, म्हणजे आजोबा. मग बराच वेळ बोट उचललं नाही.

गाव आता गोर्तिनिया पालिकेत मोडतं आणि तिची कचेरी दिमित्सानाला. लहान गावं एकत्र करून मोठ्या पालिका केल्याचा हा परिणाम. जुन्या कागदावरच्या गावाचं दप्तर आज कुठं आहे, हे आधी शोधून निघावं. लूसिओस नदीच्या दरीवर लटकलेलं दिमित्साना बघण्यासारखं आहेच. पण मला लक्षात राहिलं ते तिथलं ग्रंथालय. 1821च्या स्वातंत्र्ययुद्धात गावात बारूद बनत होती, काडतुसांना कागद कमी पडला, तेव्हा ग्रंथालयाची पानं फाडून वापरली. ज्यांना पूर्वजांची नावं हवीत त्यांनी यावर रडावं की टाळी वाजवावी, माझं अजून ठरत नाही.

आजोबांच्या गावात विहीणबाईंना पणजोबांचं थडगं बघायचं होतं. कब्रस्तानात सगळी थडगी अलीकडची. पाद्रीबाबांनी समजावलं: पुरल्यावर तीन-पाच वर्षांनी अस्थी उकरतात, वाइननं धुतात, नाव लिहिलेल्या पेटीत भरून शेजारच्या खोलीत ठेवतात. फार जुन्या झाल्या की सगळ्यांच्या एकत्र. खोलीत पत्र्याच्या पेट्या एकावर एक, काहींवर फोटो चिकटवलेले. अस्थी गोळा करायची सवय असलेल्या घरातली मी, मला काही वावगं वाटलं नाही. शिकागोच्या हिरवळीवर शंभर वर्षं तशीच राहणारी थडगी बघत आलेल्या विहीणबाई मात्र पार हबकल्या. ग्रीसमध्ये पूर्वज शोधायला दगड कामाचे नाहीत, कागदच बघावा लागतो, हे तिथं पुरतं पटलं.

आणि कागदातही अर्धी माणसं नाहीत. आजोबांची बहीण कोण, आजी कुठल्या घरची, पुरुषांच्या वहीत काहीच नाही. बायका सापडतात त्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नोंदींत, तेही चर्चनं दप्तर सांभाळलं असेल तर. तारखाही जपून वाचाव्या लागतात. ग्रीसनं 1923मध्ये पंचांग बदललं, 15 फेब्रुवारीनंतर थेट 1 मार्च आला. त्याआधीच्या तारखा आजच्यापेक्षा बारा-तेरा दिवस मागे.

लग्नाची परवानगी पूर्वी बिशपच्या कचेरीतून मिळत असे, तिथं आजीचं आणि तिच्या वडिलांचं नाव असण्याची शक्यता आहे. पाद्रीबाबांच्या अंगणात बसून विहीणबाईंनी तिथला अर्ज लिहिला. ग्रीक मजकूर पाद्रीबाबांचा, सही बाईंची. आईच्या नावाचा रकाना कोरा सोडू नका म्हणाले, तेवढंच नाव आम्हाला ठाऊक होतं, तेही नुसतं ‘मारिया’.