चूक कोणाची, हाताची की यंत्राची? : आमची वाटचाल

आमचं पहिलं सॉफ्टवेअर विकलं गेलं तेव्हा कंपनीत आम्ही तिघंच होतो आणि तिघांचंही अक्षर भयंकर होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची बरीचशी फजिती त्यातूनच झाली. हातात मावणाऱ्या संगणकावर काडीने, म्हणजे स्टायलसने, लिहिलेलं अक्षर ओळखायचं, एवढंच आमचं काम. सॉफ्टवेअरची तालीम आमच्याच अक्षरावर झालेली. त्यामुळे आमची गिचमिड ते बिनचूक वाचायचं, आणि पहिल्या ग्राहकाने मोत्यासारखं, अक्षराला अक्षर जोडलेलं इंग्रजी लिहून दाखवलं तेव्हा गडी गारद.

या धंद्यात पडलो ते खरं तर रागाने. 1993 साली ॲपलचं न्यूटन हे हातात धरायचं, काडीने लिहायचं यंत्र आलं होतं. तुम्ही तुमच्या नेहमीच्या अक्षरात लिहा, यंत्र समजून घेईल, असा त्याचा वायदा होता. ते शब्दच्या शब्द ओळखायचा प्रयत्न करी आणि शब्दकोशाचा आधार घेई. शब्द कोशात नसला की त्याच्या जागी भलताच कोणीतरी येऊन बसे. व्यंगचित्रांतून त्याची इतकी टिंगल झाली की 1996 मध्ये दुसऱ्या आवृत्तीने ओळख बरीच सुधारली तरी डाग गेला नाही. 1998 च्या फेब्रुवारीत ॲपलने न्यूटन बंद केलं.

1996 सालीच पाम कंपनीचा पायलट हा खिशात मावणारा संगणक आला आणि त्याने गाडी उलटी वळवली. त्यातल्या ग्राफिटी लिपीत यंत्र तुमचं अक्षर शिकत नाही, तुम्ही त्याचं शिकता. बहुतेक प्रत्येक अक्षर काडी न उचलता एका दमात काढायचं. 'ए'ची मधली आडवी रेघ गाळायची. अक्षरांची चौकट वेगळी, आकड्यांची वेगळी. काडी उचलली की अक्षर संपलं, म्हणजे एक अक्षर कुठे संपून दुसरं कुठे सुरू होतं, हा आमच्या विषयातला सगळ्यात छळणारा प्रश्नच उरला नाही. मोठ्या माणसांनी पुन्हा कित्ता गिरवायचा! आणि लोकांनी तो हौसेने गिरवला.

आम्हाला ही माघार वाटली. माणसाने यंत्रापुढे का वाकायचं, असं म्हणून आम्ही आमची चूल मांडली. त्यातली एक गोष्ट आमच्या डोक्यात फार उशिरा शिरली. न्यूटनवर चूक झाली की लोक न्यूटनला हसत, ग्राफिटीत चूक झाली की "माझंच अक्षर नीट आलं नाही" म्हणून पुन्हा लिहीत. चुकांचं प्रमाण बाजूला ठेवा, चूक कोणाच्या नावावर जमा होते, यावर सगळा खेळ होता. आम्ही मात्र टक्केवारी मोजत बसलो होतो.

टक्केवारीचं गणितही फसवं असतं. शंभरातली पंच्याण्णव अक्षरं बरोबर, असं म्हटलं की ऐकणारा खूश होतो. पण पाच अक्षरी शब्दातली पाचही अक्षरं बरोबर येण्याची शक्यता मग सुमारे 77 टक्केच उरते. जवळजवळ दर चौथा शब्द दुरुस्त करत बसायचा, तर माणूस काडी खिशात घालून कागद काढणारच.

तंत्राबद्दल थोडं. कागदावरचं अक्षर वाचणाऱ्या यंत्राला तयार चित्र मिळतं. आम्हाला मिळते वाट. काडी कुठे टेकली, कुठून कशी गेली, कधी उचलली, अशा बिंदूंची माळच हाती येते. हा मोठा फायदा, कारण चित्रात एकमेकांवर चढलेल्या रेघा माळेत सुट्या असतात. पण तीच माळ नडतेही. कोणी इंग्रजी 'टी'ची आडवी रेघ लगेच मारतो, कोणी अख्खा शब्द लिहून झाल्यावर मागे येऊन. देवनागरीत तर शिरोरेघेने आमची परीक्षाच पाहिली. कोणी दर अक्षराला ती ओढतो, कोणी शब्द संपल्यावर एकदम, कोणी ओढतच नाही. ऱ्हस्व वेलांटी कोणी आधी काढून मग अक्षर लिहितो, कोणी अक्षर लिहून मग डावीकडे वळतो. दोघांचं कागदावर सारखंच दिसतं, माळ मात्र संपूर्ण वेगळी.

आणि हे सगळं बसवायचं कशात? पहिल्या पायलटमध्ये 16 मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये 128 किलोबाइट स्मृती. दशांशी गणित करायला वेगळी सोय नाही, म्हणून सगळा हिशेब पूर्णांकांत बसवायचा. शब्दकोश झाडासारखा रचायचा, सारख्या सुरुवातीचे शब्द एका फांदीवर आणि सारख्या शेवटांचीही एकच गाठ. माझ्या भागीदाराने यात जो जीव ओतला त्याचं मला आजही कौतुक आहे. तो कोड आता कोणी वापरत नाही.

नमुन्यांचा धडा असाच अंगावर आला. पहिल्या फजितीनंतर आम्ही ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना पकडून लिहायला बसवलं, डावखुऱ्यांना तर शोधून आणलं. चाचणीत आकडे झकास आले. प्रत्यक्षात पुन्हा बोंब. आम्ही माणसांना टेबलाशी बसवत होतो, आणि कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस अक्षर सांभाळून काढतो. खरा वापरणारा उभा असतो, एका हातात यंत्र, दुसऱ्यात काडी, आणि गुळगुळीत पडद्यावर काडी कागदापेक्षा जास्त घसरते. मग आम्ही नमुने देणाऱ्यांना चालत चालत लिहायला लावलं. अचूकता धाडकन खाली आली, पण निदान खरी कळली.

कंपनी तगली ती तपासणीच्या फॉर्मवर. हिंडून यंत्रांची तपासणी करणाऱ्या एका ग्राहकाला मोकळं लिखाण नकोच होतं. त्याला हवे होते रकाने : क्रमांक, तारीख, मोजमाप. रकाना आकड्यांचा आहे हे आधीच माहीत असलं की 'पाच' की इंग्रजी 'एस', 'शून्य' की 'ओ', हे वाद आपोआप मिटतात. भागीदार म्हणाला, "ही तर कॉपी करून पास होणं झालं." म्हटलं, होऊ या.

पास झालो, आणि मग खरा दणका बसला. एका मोजमापात एकाचा सात झाला आणि महिनाभर कोणाच्या लक्षातच आलं नाही. शब्द चुकला की तो वेडाविद्रा दिसतो, डोळ्याला खुपतो. आकडा चुकला की तो दुसरा, तितकाच सभ्य आकडा असतो. ग्राहकाने आम्हाला बोलावून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यात तथ्य होतं. आमचं सॉफ्टवेअर खात्री असो वा नसो, दर वेळी ठोकून उत्तर द्यायचं. आत त्याच्याकडे दोन्ही पर्यायांचे गुण असायचे, एक आणि सात अगदी गळ्याला गळा लावून. ते आम्ही कोणाला दाखवतच नव्हतो.

त्यानंतरचे सात-आठ महिने आम्ही अचूकता वाढवायचं काम जवळपास थांबवलं. पहिला आणि दुसरा पर्याय फार जवळ आले तर यंत्राने गप्प बसायचं, रकान्यात माणसाने काढलेली रेघ तशीच ठेवायची आणि दोन्ही पर्याय शेजारी दाखवायचे. शिवाय मूळ रेघ नोंदीबरोबर कायम साठवायची, म्हणजे पुढे वाद झाला तर बघता येईल. विकायला हे फार अवघड. "आमचं सॉफ्टवेअर कधीकधी ओळखत नाही" असं जाहिरातीत कोण लिहितं? पण तो ग्राहक टिकला आणि त्याने आणखी दोन आणले.

याच सुमारास झेरॉक्स आणि पाम यांचा एका दमात काढायच्या अक्षरांच्या पेटंटवरून खटला चालू होता. पामने 2003 मध्ये ग्राफिटी बदलली, तिच्यात काही अक्षरं दोन रेघांची झाली, आणि 2006 मध्ये 2 कोटी 25 लाख डॉलर देऊन वाद मिटवला. आमच्यासारख्यांनी ते बघून वकिलाकडे एक फेरी मारली, एवढाच आमचा त्यात सहभाग.

2007 च्या जानेवारीत आयफोन दाखवताना ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी व्यासपीठावरून "स्टायलस कोणाला हवाय?" असं विचारलं. आमच्या ऑफिसात तेव्हा स्टायलसचं अख्खं खोकं पडलेलं होतं. पुढची चार-पाच वर्षं वाईट गेली. बोटाला टोक नसतं, आणि पडद्यावरच्या कीबोर्डला चुका सावरून घेण्याची कला अवगत झाली होती. ती कला म्हणजे आमचाच जुना शब्दकोश-धंदा, दुसऱ्या कपड्यांत. आमच्याकडे नोकरीला लागलेले दोघं सोडून गेले, मी त्यांना अडवलं नाही.

2011 च्या सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट फोनने काडी परत आणली. तोवर ओळखण्याची रीतही बदलत चालली होती. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे नमुन्यांवरून आपलं आपण शिकणाऱ्या प्रोग्रामला, बिंदूंची अख्खी माळ द्या, अक्षरं कुठे तोडायची ते तेच शिकतं. आम्ही जुना कोड टाकला. शिरोरेघेसाठी भागीदाराने रचलेले नियम पुसताना तो चहाला निघून गेला, मी पुसले.

गप्प बसण्याचा नियम मात्र तसाच ठेवला, उलट नव्या यंत्राला तो जास्त लागतो, कारण ते चुकतंही फार आत्मविश्वासाने. तो पहिला फॉर्मवाला ग्राहक न ओळखलेल्या रकान्यांची गठडी अजूनही पाठवतो. परवा त्यात एक रेघ होती. आम्ही तिघांनी पाहिली, चार होता की नऊ, कळेना. शेवटी लिहिणाऱ्याला फोन केला, रेघ त्याच्याच पडद्यावर पाठवली. बराच वेळ बघून तो म्हणाला, "साहेब, मलाही लागत नाही." रकाना तसाच आहे.