पावणेतीन फेऱ्यांची टक्

माझ्या मोटरसायकलला महिन्यापूर्वी उचकी लागली. तिसरा गिअर, तीसच्या आतबाहेरचा वेग, आणि डाव्या पायाच्या मागून कुठूनतरी 'टक्'. मग जरा शांतता. पुन्हा टक्.

आवाजाची तक्रार घेऊन गॅरेजात जायचं म्हणजे तो तोंडानं काढून दाखवावा लागतो. पन्नाशीचा, बँकेत नोकरी करणारा माणूस काखेत हेल्मेट धरून भर रस्त्यावर 'टक्... टक्...' करतोय, आणि शेजारचा चहावाला हातातला गाळणा तसाच धरून बघतोय. खरं तर आवाजांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. चेन सैल पडली की ती कव्हरवर आपटत खडखडते, फार ताणली की घूं करत रडते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. मागच्या ड्रममधले रबर झिजले की ॲक्सिलरेटर सोडला-पिळला की 'धप्प' धक्का बसतो. एवढं माझ्या कानाला पाठ झालेलं आहे. टक् मात्र कुठल्याच खात्यात बसेना.

मिस्त्रींनी माझा कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला. हात पुसत म्हणाले, "कसा येतोय ते ऱ्हाऊ द्या. कवा येतोय ते सांगा."

ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"चालत्या गाडीत क्लच दाबा. इंजिनची रेस उतरली तरी टक् तशीच आली, तर इंजिनाला काय झालेलं न्हाई. मागं शोधायचं. मग चाक फिरवून मोजा."

घराकडच्या सपाट रस्त्यावर क्लच दाबला. इंजिन गप्प झालं, टक् आपली सुरूच. म्हणजे चेन किंवा चाक. रविवारी अंगणात गाडी मेन स्टँडवर चढवली, न्यूट्रल केली, टायरवर खडूची रेघ मारली आणि चाक हातानं हळूहळू फिरवत बसलो. माझा अंदाज चाकाच्या बेअरिंगवर होता. पण चाकातला किंवा ड्रममधला दोष दर फेरीला एकाच जागी बोलला असता. इथे रेघ दरवेळी वेगळ्याच ठिकाणी दिसायची. कधी वर, कधी सायलेन्सरच्या बाजूला तिरकी. तासभर मोजल्यावर हिशेब असा निघाला: पावणेतीन फेऱ्यांना एक टक्. पावणेतीनलाही किंचित कमीच.

चेन किटचं रिकामं खोकं मी माळ्यावर ठेवलेलं होतं (अशी खोकी ठेवण्यावर बायकोचा जुना आक्षेप आहे). त्यावर छापलेलं: मागच्या दातेरी चक्राला 42 दाते, पुढच्याला 14, चेनच्या कड्या 112. चाकाच्या एका फेरीत चेन 42 कड्या पुढे सरकते. पुढचं चक्र तेवढ्यात तीनदा फिरतं, म्हणजे दोष तिथे असता तर फेरीला तीन टक् आल्या असत्या. आणि 112 भागिले 42? दोन पूर्णांक दोन तृतीयांश. चाकाच्या आठ फेऱ्यांत चेन बरोबर तीनदा फिरून येते. पुन्हा मोजलं. आठ फेऱ्या, तीन टक्. बँकेत ताळेबंद पहिल्या झटक्यात जुळल्यावरसुद्धा मला इतका आनंद झालेला नाही.

म्हणजे दुखणं सगळ्या चेनमधल्या एकाच कडीचं. आणि बाकीच्यांपेक्षा वेगळी अशी कडी एकच असते, चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची. पत्र्याच्या कव्हरचं रबरी बूच काढून बॅटरी मारली. लॉकची पट्टी इतर कड्यांपेक्षा जराशी बाहेर, आणि आतल्या पत्र्यावर तिनं ओढलेला चकचकीत ओरखडा. पंक्चर काढताना कुणीतरी कव्हर वाकडं बसवलं होतं, एवढंच.

सोमवारी मिस्त्रींनी दोन बोल्ट ढिले केले, अंगठ्यानं पत्रा बाहेर दाबला, बोल्ट आवळले. मी पाकीट काढलं.

"किती झाले?"

"कशाचं हो? मोजलंसा तर तुमीच."